फाइल पास, डबी नापास

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात, क्रीम भरायच्या मशीनशेजारी मला एक टेबल दिलेलं आहे. मागच्या आठवड्यात त्यावर लेबलाचे तीन प्रूफ पडले होते. पहिल्यावर ‘व्हाइटनिंग’, दुसऱ्यावर ‘ब्राइटनिंग’, तिसऱ्यावर नुसतंच ‘ग्लो’. आतलं क्रीम तिन्हींत तेच. खाली कोपऱ्यात एक चौकोन रिकामा: ‘नॅफडॅक रजि. नं.’ माल नायजेरियातल्या लागोसला जायचा आहे. तिथल्या नॅफडॅक या सरकारी संस्थेचा नोंदणी नंबर मिळवून तो चौकोन भरावा म्हणून मला पगार मिळतो.

कारखान्याच्या मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. प्रूफ हातात घेऊन ते वैतागले होते. “अहो, क्रीमच आहे ना? लागोसला काय बॉम्ब पाठवतोय आपण?” हा वैताग मी वसईपासून सिल्व्हासापर्यंत अनेक गाळ्यांत ऐकला आहे, आणि त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: “त्या लोकांना नुसते कागद आणि पैसे पाहिजेत.” ते वाक्य मला खटकतं. पण दादांचा वैताग सगळाच खोटा आहे असंही नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते कळायला आधी फाइल उघडून बघावी लागेल.

नायजेरियात सौंदर्यप्रसाधन विकायचं तर नॅफडॅककडे नोंदणी लागते. आपल्याकडचं अन्न व औषध प्रशासन, तशी त्यांची ही संस्था. १९९३ च्या कायद्याने उभी राहिली. अन्न, औषधं, रसायनं, बाटलीबंद पाणी आणि क्रीम-पावडर-साबण-शांपू हे सगळं तिच्याच अखत्यारीत येतं. परदेशी कारखानदाराला तिथे थेट अर्ज करता येत नाही. तिथल्या कायद्याने नोंदलेली एक कंपनी तुमची प्रतिनिधी लागते. तिच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं, ते नोटरीकडून साक्षांकित करून घ्यायचं. मग ‘फ्री सेल सर्टिफिकेट’. हा माल आमच्या देशात कायद्याने बनतो आणि खुलेपणाने विकला जातो, असा आपल्या सरकारचा दाखला. महाराष्ट्रात तो मिळतो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एफडीएकडून, आणि त्याआधी अर्थातच कारखान्याकडे उत्पादनाचं लायसन्स असावं लागतं. तो दाखला दिल्लीला नायजेरियाच्या उच्चायोगात शिक्क्यासाठी जातो. शिवाय ब्रँडच्या नावाची नायजेरियात ट्रेडमार्क नोंदणी, प्रत्येक घटकद्रव्याची यादी, बॅचचा विश्लेषण अहवाल, लेबलाचं आर्टवर्क, नमुने तिथे नेण्याचा वेगळा परवाना, तिथल्या प्रयोगशाळेची तपासणी आणि इथल्या कारखान्याची पाहणी. हे सगळं पार पडलं की नंबर मिळतो. तो चालतो पाच वर्षं.

यातला प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी जुळला पाहिजे. लायसन्सवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि मुखत्यारपत्रावर ‘प्रा. लि.’ असेल तर चालत नाही. लायसन्सवर गाळा नंबर ‘७ अ’ आणि लेबलावर ‘७/अ’ असेल तरी प्रश्न येतो. मी नवीन असताना एक अख्खी फाइल केवळ पिनकोड चुकल्यामुळे परत आली होती. चूक माझी होती आणि महिना दीड महिना कारखान्याचा गेला. कागदाच्या कामात असं होतंच, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही.

रडावं लागतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि नवख्या निर्यातदाराला ती कुणी आधी सांगत नाही. नोंदणीचा अर्जदार तिथला प्रतिनिधी असतो. ट्रेडमार्कचा अर्जही बहुतेक वेळा तोच करून देतो. “तुम्ही कशाला धावपळ करता, मी बघतो” म्हणतो, आणि आपण खूश होतो. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराने अशा प्रतिनिधीबरोबर सहा वर्षं धंदा केला, केसांच्या तेलाचा. दरावरून बिनसलं तेव्हा कळलं, की ब्रँडचं नाव, त्या नावाचं चित्र, बाटलीचा आकार, सगळं प्रतिनिधीच्या नावावर आहे. त्याने तेच तेल दुसऱ्या देशातून भरून आणायला सुरुवात केली. आमचा माणूस आपलीच बाटली आपल्याला नाकारली गेल्यासारखा हात चोळत बसला. त्याची कुठेच दाद लागली नाही, कारण सगळं कागदोपत्री बरोबर होतं. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगतो: ट्रेडमार्क तुमच्या नावाने, तुमच्या पैशाने, तुम्ही नेमलेल्या वकिलाकडून. मग बाकीची फाइल.

आता एवढा बंदोबस्त कशासाठी, हा दादांचा प्रश्न. त्याचं उत्तर नायजेरियाच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात आपण आहोत.

१९९० मध्ये तिथे पॅरासिटामॉलच्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य मिसळलं गेलं आणि शंभरावर मुलं दगावली. २००८ मध्ये दात येणाऱ्या बाळांना द्यायच्या औषधात पुन्हा तेच द्रव्य निघालं आणि पुन्हा मुलं गेली. या दोन घटनांच्या मधल्या काळात नॅफडॅकच्या प्रमुखपदी डोरा अकुन्यिली नावाच्या बाई आल्या. त्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांची मधुमेही बहीण १९८८ मध्ये बनावट इन्सुलिनमुळे गेली होती. २००१ मध्ये पदावर आल्यावर त्यांनी बनावट मालाच्या बाजारांवर धाडी घातल्या, गोदामं रिकामी करून माल जाहीरपणे जाळला. डिसेंबर २००३ मध्ये त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. गोळी त्यांच्या डोक्याला बांधलेल्या वस्त्रातून आरपार गेली. त्या वाचल्या आणि काम करत राहिल्या. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं ते भारतात, इथे कर्करोगावर उपचार घेत असताना.

त्यांच्याच काळात असं ठरलं, की भारत आणि चीनमधून येणारा माल निघण्यापूर्वीच, त्या-त्या देशात नेमलेल्या प्रतिनिधींनी तपासायचा आणि ‘स्वच्छ’ असा दाखला द्यायचा. म्हणजे आज आपल्या कन्साइनमेंटला जो जास्तीचा कागद लागतो, तो आपल्याच नावाने लागलेला आहे. बनावट मालाचा उगम कुठे, याचा शोध घेताना आपले दोन देश त्यांना पुन्हापुन्हा सापडत होते. त्यातही एक गंमत आहे. २००९ मध्ये नायजेरियात मलेरियाच्या बनावट गोळ्या पकडल्या गेल्या. पाकिटावर ‘मेड इन इंडिया’, माल प्रत्यक्षात चीनमधून आलेला. भारताने त्यावर रीतसर निषेध नोंदवला. नोंदवायलाच हवा होता. पण खोटा माल खपवायला ज्यांनी आपलं नाव निवडलं, त्यांनी ते आफ्रिकेच्या बाजारात आपलं नाव स्वस्तात चालतं म्हणूनच निवडलं असणार, एवढं मनाशी कबूल करायला हरकत नाही.

आणि आफ्रिकेला विष निर्यात करण्याचा मान फक्त आपल्याकडे जातो असंही नाही. युरोपने १९७६ मध्ये आपल्या बाजारातल्या सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याला बंदी केली. तरीही निर्यातीसाठीचा पारायुक्त साबण तिथे पुढे कित्येक वर्षं बनत राहिला, आयर्लंडमध्ये बनला, आणि आफ्रिकेत विकला गेला. ही पळवाट युरोपने बुजवली २००३ मध्ये. आपल्या घरच्यांच्या अंगाला लावायचा नाही असा साबण पेटीत भरून दुसऱ्याच्या घरी पाठवायचा, आणि वर ‘मेड इन युरोप’ची ऐट. पारा त्वचेत मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला अडवतो म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून आत शिरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. हायड्रोक्विनोन हे रंग उजळवणारं दुसरं रसायन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर काळे डाग पडतात. त्या विकाराचं वर्णन पहिल्यांदा झालं ते दक्षिण आफ्रिकेत, १९७५ मध्ये, उजळ व्हायला निघालेल्या बायकांच्या चेहऱ्यांवरून. आणि क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड कातडी इतकी पातळ करतं, की शस्त्रक्रियेनंतर टाके धरत नाहीत अशी तक्रार तिथले डॉक्टर करतात. सेनेगलमध्ये या सगळ्या प्रकाराला ‘खेसाल’ असा स्वतंत्र शब्दच आहे. ज्या गोष्टीला भाषेत नाव मिळतं ती किती घरांत शिरली असेल, याचा अंदाज आपल्यासारख्या ‘गोरीगोमटी’, ‘उजळ’, ‘निमगोरी’ असे शब्द वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर वाचणाऱ्यांना वेगळा सांगायला नको.

तेव्हा नियम कडक आहेत याबद्दल नायजेरियाला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. कडक असलेच पाहिजेत. माझी तक्रार वेगळी आहे: ते चुकीच्या जागी कडक आहेत.

फाइल पुन्हा चाळून बघा. तू कोण, तुझं लायसन्स कुठलं, तुझा माणूस कोण, तुझ्या नावावर कुणाचा शिक्का, असं ती विचारते. डबीत काय आहे हा प्रश्न त्या मानाने ती फारच सौम्यपणे विचारते, आणि तोही एकदाच, सुरुवातीला, आपणच निवडून दिलेल्या नमुन्याला. विश्लेषणाचा अहवाल आपल्याच लेटरहेडवर असतो. नमुन्याची डबी आपणच पॅक करतो. नंतर पाच वर्षांत जे कंटेनर जातील, त्यातल्या प्रत्येक डबीचा त्या पहिल्या डबीशी संबंध असेलच याची हमी शेवटी कारखानदाराच्या सचोटीवर उभी राहते.

एक प्रसंग सांगतो. मस्जिद बंदरला पेढी असलेले एक व्यापारी माझ्याकडे आले. स्वतः बनवत नाहीत, कारखान्याकडून बनवून घेऊन बाहेर पाठवतात. बोलायला अत्यंत गोड. त्यांनी पिशवीतून दोन डब्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्ही सारख्या, पांढऱ्या झाकणाच्या, लेबल नसलेल्या. एकीवर बोट ठेवून म्हणाले, “ही फाइलची.” दुसरीवर बोट ठेवून म्हणाले, “ही मालाची.” मी विचारलं, फरक काय? “काही नाही हो. पार्टीला थोडं स्ट्राँग पाहिजे.” धंद्यात असलेल्या माणसाला ‘स्ट्राँग’ म्हणजे काय ते विचारावं लागत नाही. तरी मी ‘मालाची’ डबी ठेवून घेतली आणि थोडं क्रीम एका खासगी लॅबला पाठवलं. क्लोबेटासोल निघालं. बाहेरच्या खोक्यावर हर्बल म्हणून कोरफडीचं पान छापायचं ठरलेलं होतं.

ते काम मी केलं नाही. यात माझी काही थोरवी नाही. मला तुरुंगाची भीती वाटते. पण मनात हेच आलं, की पहिल्या डबीची फाइल मी केली असती तर ती निर्विवाद पास झाली असती. नोटरी खरा, शिक्का खरा, लायसन्स खरं, नमुनाही खरा. दुसऱ्या बाजूला दादांचं साधं पेट्रोलियम जेली, ज्यात बिघडण्यासारखं काही नाही, तेही त्याच रांगेत, तेवढ्याच कागदांनिशी, तेवढेच महिने उभं. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

आणि हे झालं फाइल करणाऱ्यांचं. जे फाइलच करत नाहीत त्यांचं काय? लागोसच्या ट्रेड फेअर बाजारात आणि बालोगुनच्या गल्ल्यांत क्रीम बादलीत कालवून मिळतं. गिऱ्हाईक समोर उभं असतं, विक्रेता चार ट्यूब, दोन बाटल्या आणि एखादी पूड एकत्र करून डबा भरून देतो, आणि त्याला ‘ऑरगॅनिक’ म्हणतो. नॅफडॅक तिथे धाडी घालते, माल जप्त करते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्या प्रमुखांनी त्वचा उजळवण्याच्या या प्रकाराला राष्ट्रीय आरोग्य आणीबाणी म्हटलं. शेजारच्या बेनिनमधल्या कोतोनू बंदरातून सीमेपलीकडे येणारा चोरटा माल वेगळाच. या कुणाच्याही मुखत्यारपत्रात स्पेलिंगची चूक नसते, कारण मुखत्यारपत्रच नसतं.

बंदीचं म्हणाल तर बंद्या भरपूर झाल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेने १९९० मध्येच, जगात सर्वांत आधी, हायड्रोक्विनोन असलेली प्रसाधनं बंद केली आणि लेबलावर ‘गोरं करतं’ असा दावा करायलाही मनाई केली. त्यामागे त्वचारोगतज्ज्ञ होते तसेच वर्णभेदाविरुद्ध लढणारे कार्यकर्तेही होते. आयव्हरी कोस्टने २०१५ मध्ये बंदी आणली, घानाने त्यानंतर. रवांडात २०१८ च्या शेवटी पोलीस दुकानोदुकानी फिरून क्रीम उचलत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हात पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या बैठकीत ठरलं, की सौंदर्यप्रसाधनांत पारा आता अजिबात नको, आधीची दहा लाखांत एक भागाची सूटही काढली; आणि हे घडवून आणण्यात आफ्रिकी देश पुढे होते. म्हणजे इच्छा आहे, कायदा आहे. तरी माल आहेच. शब्दावर बंदी आली की शब्द बदलतो. आपल्याकडेही १९७५ पासून घराघरांत असलेलं ‘फेअर अँड लव्हली’ २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालंच ना. माझ्या टेबलावरचे तीन प्रूफ त्याच शाळेत शिकलेले.

मग करायचं काय? काही जण युरोपचं उदाहरण देतात. युरोपात सौंदर्यप्रसाधनाला आधी मंजुरी लागत नाही, पोर्टलवर माहिती भरली की विक्री सुरू. पण उदाहरण देणारे अर्धंच सांगतात. तिथे प्रत्येक वस्तूमागे युरोपातच राहणारी एक जबाबदार व्यक्ती वा कंपनी असते, सुरक्षिततेचा अहवाल तिच्याकडे तयार असतो, आणि बाजारातून उचललेल्या डबीत नको ते निघालं तर मान तिची असते. आधी विश्वास आणि नंतर पाळत, अशी ती व्यवस्था आहे. त्यातला विश्वास तेवढा उचलून पाळत तिथेच सोडायची म्हणजे लागोसच्या बादलीवाल्याला रीतसर दुकान काढून देणं.

माझं म्हणणं असं, की पावडर, शांपू, केसांचं तेल, पेट्रोलियम जेली यांना नोंद आणि जबाबदार माणूस एवढं पुरे. तिथे वाचलेले हात, गाड्या आणि रसायनतज्ज्ञ त्वचा उजळवण्याचा दावा करणाऱ्या, किंवा दावा न करता तसं काम करणाऱ्या, मालामागे लावावेत. नमुना कारखानदाराने द्यायचा नाही. अधिकाऱ्याने बंदरातून आणि दुकानाच्या फळीवरून उचलायचा. पारा ओळखणारं हातात धरायचं क्ष-किरण यंत्र असतं, बंदुकीसारखं दिसतं. डबी न फोडता थोड्याच वेळात आकडा देतं, आणि जी क्रीम खरोखर पाऱ्याची असतात त्यात तो दहा लाखांत हजारो भागांत येतो, त्यामुळे चुकायला फार वाव नाही. स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन त्याला दिसत नाहीत, त्यासाठी लॅबच लागते. म्हणूनच लॅबचा वेळ पेट्रोलियम जेलीवर घालवू नये.

यावर माझ्या लागोसच्या सहकाऱ्याचा एक आक्षेप आहे, आणि तो मला नीट खोडता आलेला नाही. तो म्हणतो, “तुम्ही कागद कमी करा म्हणता, पण आमच्याकडे कागद हीच एक गोष्ट आहे जी चुकवता येत नाही. अधिकाऱ्याला दुकानात पाठवलं की तो दुकानदाराशी बोलेल, आणि ते काय बोलतील ते मला माहीत आहे.” खरं आहे. इन्स्पेक्टर राज काय असतं हे महाराष्ट्रातल्या दुकानदाराला मी सांगण्याची गरज नाही. मी त्याला एवढंच म्हणू शकलो, की नॅफडॅकची नोंदणीकृत मालाची यादी आता ऑनलाइन सर्वांना बघता येते. तिच्याच शेजारी उचललेल्या नमुन्यांचे निकाल, बॅच नंबरासकट, टाकले तर दुकानदाराशी झालेलं बोलणं झाकायला जरा कठीण जाईल. तो हसला.

पण नायजेरियाने काय करावं हे सांगण्यापेक्षा आपण काय करावं हे सांगणं मला जास्त शोभेल. ‘आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून’ ही म्हण आपलीच.

फ्री सेल सर्टिफिकेटचंच बघा. हा माल आमच्या देशात खुलेपणाने विकला जातो, असं तो कागद म्हणतो. मी आजवर ज्या ब्रँडांसाठी तो काढला, त्यातले निम्मे ब्रँड दादर किंवा नाशिकच्या कुठल्याही दुकानात कुणी पाहिलेले नाहीत. ते फक्त निर्यातीसाठी जन्मले. विकायला परवानगी आहे आणि विकला जातो, यातलं अंतर तो कागद गिळून टाकतो. लागोसचा अधिकारी तो वाचतो आणि समजतो, की भारतातल्या बायका हेच क्रीम लावतात, म्हणजे ठीक असणार. आपल्या सरकारच्या सही-शिक्क्यावर तो भरवसा ठेवतो, आणि शिक्का मारणाऱ्याने डबी उघडून पाहिलेली असेलच असं नाही.

बरं, इथल्या बायका जे लावतात ते तरी ठीक आहे का? २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएममध्ये शोध घेता घेता बोट गेलं ते घरात वापरल्या जाणाऱ्या क्रीमकडे. त्यात पारा निघाला. ब्यूटिशियनकडून आणलेलं साधं क्रीम. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरममध्ये असेच रुग्ण सापडले. स्टेरॉइडच्या ट्यूबा आपल्याकडे किराण्याच्या दुकानात गोरेपणासाठी विकल्या जात होत्या. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये त्यातल्या अनेक ट्यूबा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी आली. चिठ्ठी किती दुकानदार मागतात, ते तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन बघा. अकोल्याची ती मुलगी आणि लागोसमधली तिच्याच वयाची मुलगी यांच्या डब्या कदाचित एकाच प्रकारच्या गाळ्यात भरल्या जातात. आपल्या मुलीची बातमी होते, एवढा फरक.

आणि इथे नवं काही शोधायची गरजही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांबियातल्या लहान मुलांच्या मृत्यूंसंदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. नाव जगभर गेलं. मग १ जून २०२३ पासून केंद्राने नियम केला: खोकल्याचं औषध निर्यात करायचं तर आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासून दाखला घ्या. फाइलचा नमुना पुरत नाही, जाणाऱ्या मालाचा नमुना लागतो. कारखानदारांनी कुरकुर केली, लॅबमध्ये गर्दी झाली, पण जमलं. जे सिरपाला जमलं ते त्वचा उजळवणाऱ्या क्रीमला का जमू नये? पारा, हायड्रोक्विनोन, स्टेरॉइड, एवढ्या तीनच गोष्टी बघायच्या आहेत. फ्री सेल सर्टिफिकेटच्या फॉर्मवर तीन रकाने वाढवा, निर्यातीच्या बॅचशी जोडा. दादांसारख्यांना यात काही गमवायचं नाही. उलट मस्जिद बंदरच्या गोड माणसाचा आणि त्यांचा भाव आज लागोसमध्ये एकाच तराजूत तोलला जातो, तो तरी थांबेल. सिरपाच्या वेळी मुलं गेली म्हणून आपण धावलो. क्रीमने माणूस एका रात्रीत मरत नाही. मूत्रपिंड हळूहळू जातं, कातडी हळूहळू विरते, आणि त्याचा बॅच नंबर कुणी लिहून ठेवत नाही.

चोपन्न देशांची चोपन्न दारं, हा आणखी एक विषय. केनियाला माल निघण्यापूर्वीच मानकांचा दाखला लागतो, नायजेरियाची फाइल घानात चालत नाही. आफ्रिकी मुक्त व्यापार क्षेत्राचा व्यवहार २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला, आणि एक दिवस एक नंबर सगळीकडे चालेल असं मीटिंगांमध्ये बोललं जातं. झालं तर माझी नोकरी निम्मी होईल. होऊ दे.

दादांनी शेवटी ‘ग्लो’ निवडला. छपाईला देताना म्हणाले, “तुम्ही म्हणता तसं तीन टेस्ट करून घेतो, पण रिपोर्ट त्या फाइलीत लावून काही फायदा आहे का?” मी म्हटलं, तसा कुणी मागितलेला नाही. “मग लावा तरी,” ते म्हणाले, “शेवटच्या पानावर.”

ती ‘मालाची’ डबी अजून माझ्या खणात आहे. लॅबला क्रीम काढून देताना मी तिचं झाकण उघडलं होतं. मोगऱ्याचा छान वास आला. पहिल्या डबीलाही तोच होता.